पूल बांधणारे आणि पूल सांभाळणारे

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ बघून घ्या. पण मराठी विभागाला लेख कमी पडताहेत असं कळलं, म्हणून हे धाडस!

गेल्या उन्हाळ्यात ताईकडे बर्मिंगहॅमला गेले होते. तिकडे जाणारे आपले लोक विंडसरचा किल्ला बघतात, स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरच्या घरापुढे फोटो काढतात आणि परत येतात. माझं मत विचाराल तर, इंजिनिअरिंगवाल्यांनी एकच ठिकाण बघायचं असेल तर आयर्नब्रिज बघावं. सेव्हर्न नदीच्या घळीत, डोंगराच्या उतारावर वसलेलं छोटंसं गाव. टेलफर्डपर्यंत ट्रेन, पुढे बस. १९८६ पासून ही सगळी घळ जागतिक वारसा यादीत आहे.

गावाला नाव मिळालं ते पुलामुळे. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जगातला पहिला मोठा पूल. १७७९ मध्ये उभा राहिला, १ जानेवारी १७८१ ला वाहतूक सुरू झाली. गाळा १०० फूट ६ इंच, लोखंड ३७८ टन. जवळ जाऊन सांधे बघा, मजा वाटते. लोखंडाचा एवढा पूल त्याआधी कोणी बांधलाच नव्हता, मग जोडायचं कसं? तर सुताराच्या पद्धतीने! एका तुकड्याला खाच, दुसऱ्याचं कुसू त्यात, वर पाचर ठोकलेली. कुठे कुठे चक्क डोव्हटेल. वर्कशॉपमध्ये आपण सुतारकामाचा जॉब करताना कंटाळतो ना, तोच जॉब, फक्त पाच-पाच टनांच्या कमानींचा.

आराखडा केला थॉमस प्रिचर्डने, पण तो १७७७ मध्येच वारला. पूल बांधला अब्राहम डार्बी तिसरा याने. खर्च अंदाजाबाहेर गेला आणि हा माणूस मरेपर्यंत कर्जात राहिला. याच्याच आजोबांनी १७०९ मध्ये जवळच्या कोलब्रुकडेलला लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड गाळलं. ती भट्टी आजही बघायला मिळते. मटेरियल्सच्या पेपरात दोन मार्कांसाठी पाठ केलेलं कोकचं नाव तिथे विटांसकट समोर उभं राहतं.

बाकी बघण्यासारखं पुष्कळ आहे. कोलपोर्टची चिनी माती, जॅकफील्डच्या टाइल्स, ब्लिस्ट्स हिलचं व्हिक्टोरियन काळातलं गाव (तिथल्या बँकेत पौंड देऊन जुन्या पद्धतीची नाणी घ्यायची. ताईच्या मुलाला हे पुलापेक्षा आवडलं). पुलाच्या टोकाशी टोलनाका आहे, त्यावरच्या दरपत्रकात लिहिलंय की सैनिक असो वा राजघराणं, टोल सगळ्यांना. आपल्याकडच्या नाक्यांवरची सूट मिळणाऱ्यांची यादी आठवून हसू आलं.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. १७९५ च्या पुरात सेव्हर्नवरच्या इतर पुलांची वाट लागली आणि हा टिकला, हे सगळे अभिमानाने सांगतात. त्यानंतरची गोष्ट मात्र पटकन कोणी सांगत नाही. पुलाला तडे जात होते. एका काठाचं जड दगडी बांधकाम सरकायला लागलं, म्हणून ते काढून आधी लाकडी गाळे घातले, मग लोखंडी. आपण थिअरीत शिकतो की कमान टेकूंना बाहेर ढकलते. इथे उलटं! घळीच्या दोन्ही बाजू हळूहळू आत सरकतात आणि टेकूंना एकमेकांकडे रेटतात. हे डोंगर किती चंचल आहेत बघा, १९५२ मध्ये जॅकफील्डला जमीन घसरून घरंच्या घरं गेली. १९३४ मध्ये पुलावरून वाहनं बंद केली. १९७० च्या दशकात नदीच्या तळाशी काँक्रीटची उलटी कमान घातली, दोन्ही टेकूंना एकमेकांपासून दूर धरून ठेवायला. ती पाण्याखाली आहे, फोटोत येत नाही, पण पूल तिच्या जिवावर उभा आहे. २०१७-१८ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली, ३६ लाख पौंड लागले, आणि करड्या पुलाला त्याचा मूळचा गडद तांबूस रंग परत मिळाला.

म्हणजे बांधायला दोन-तीन वर्षं, आणि सांभाळायला अडीचशे. आणि आपल्याकडे? प्लेसमेंटच्या फॉर्मवर सगळ्यांना 'डिझाइन' हवं. मेंटेनन्स म्हटलं की तोंडं वाकडी. 'बॅकलॉग असेल त्याने जावं तिकडे' असं हॉस्टेलवर सर्रास बोलतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात गेला, त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल रविवारच्या पर्यटकांच्या गर्दीने कोसळला, चौघं गेले. हे दोन्ही पूल डिझाइन करणाऱ्याने त्याचं काम कधीच संपवलं होतं. पुढचं काम कोणाचं होतं? आपल्याच सीनिअर्सपैकी कोणाचं तरी, ज्यांना ते पोस्टिंग नको होतं.

म्हणून एचओडी सरांना एक विनंती. यंदाची इंडस्ट्रियल व्हिजिट चकाचक नव्या फ्लायओव्हरवर नको. एखाद्या जुन्या पुलाखाली न्या, जिथे कोणी बेअरिंग बदलतंय किंवा तडे मोजतंय. मेसचे डबे आम्ही बरोबर घेऊ, चिखलाची तक्रार करणार नाही.