घर रिकामे होण्याची वाट

भाड्याच्या घरात राहणारा माणूस घर सोडतो, त्याची कारणे साधी असतात. बदली होते, मुले मोठी होतात, म्हातारपण येते, कधी मरणही येते. यात नफातोट्याचा हिशेब मांडण्यासारखे काही आहे, असे सामान्य माणसाला वाटत नाही. परंतु न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावरील स्टायव्हेसंट टाउन आणि पीटर कूपर व्हिलेज या जोड-वसाहतीचा इतिहास पाहिला म्हणजे असे दिसते की, तेथे काही वर्षे भाडेकरूचे जाणे हाच मालकाचा मुख्य व्यवसाय होऊन बसला होता.

वसाहत लहानसहान नाही. सुमारे ८० एकरांवर उभ्या असलेल्या ११० इमारती, त्यांत अकरा हजारांहून अधिक बिऱ्हाडे. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर ती बांधली आणि १९४७ साली तेथे पहिली कुटुंबे राहावयास आली. नगरपालिकेने जुनी वस्ती संपादन करून जमीन मोकळी करून दिली, पंचवीस वर्षांची करसवलत दिली; त्या बदल्यात भाडे मध्यमवर्गाला पेलेल असे ठेवावयाचे होते. युद्धावरून परतलेले सैनिक, शिक्षक, परिचारिका, अग्निशामक दलातील जवान, कचेऱ्यांतील कारकून असा हा भाडेकरूवर्ग होता. या पुण्यकर्मालाही डाग होताच. त्या जागेवर पूर्वी राहणाऱ्या सुमारे अकरा हजार गरिबांना हलवून ही वसाहत उभी राहिली, आणि प्रारंभी कृष्णवर्णीयांना तेथे प्रवेश नव्हता. त्याविरुद्ध आवाज उठविणाऱ्यांत वसाहतीतील गोरे भाडेकरूही होते, ही गोष्ट त्यांच्या श्रेयाची. न्यायालयाने १९४९ साली कंपनीची बाजू उचलून धरली. पण १९५१ साली नगरसभेला कायदा करून हा भेद बंद करावा लागला.

पुढे १९७४ पासून ही घरे भाडेस्थैर्याच्या कायद्याखाली आली. भाडे दरवर्षी ठरावीक प्रमाणात वाढावे, राहणाऱ्याला मुदतीअखेर करार नव्याने करून मिळावा, असा हा कायदा. बदल झाला तो १९९३ आणि १९९७ साली. घर रिकामे झाले आणि त्याचे कायदेशीर भाडे महिना २,००० डॉलरवर गेले, की ते घर नियंत्रणातून कायमचे सुटेल, असे ठरले. भाडेकरू बदलला की भाड्यात सुमारे वीस टक्के वाढ, आणि रिकाम्या घराच्या नूतनीकरणावर जो खर्च होईल त्याचा चाळिसावा हिस्सा दरमहा भाड्यात मिळविण्याची मुभा.

हे गणित आमच्या शिक्षक-वाचकांनी फळ्यावर मांडून पाहावे. एका घराचे भाडे १,००० डॉलर आहे. म्हातारी भाडेकरीण वारली. वीस टक्के वाढ मिळून १,२०० झाले. मालकाने जुना ओटा फोडून ग्रॅनाइट बसविले, न्हाणीघर नवे केले, जमीन चकचकीत केली आणि ४०,००० डॉलर खर्ची टाकले. त्याचा चाळिसावा हिस्सा १,०००; भाडे झाले २,२०० आणि घर कायद्याबाहेर! पुढचे भाडे बाजार ठरवील ते. विशेष म्हणजे हा खर्च चाळीस महिन्यांत वसूल होत असे, पण वाढ मात्र कायम राहत असे. पंधरा-वीस वर्षे जो भाडेकरू निमूटपणे भाडे भरीत राहिला, त्याच्या स्वयंपाकघराची फरशी उखडलेली असली तरी ती बदलण्यात मालकाला फारसे स्वारस्य नव्हते. नूतनीकरण हवे होते ते रिकाम्या घराचे. म्हणजे राहणाऱ्याची सोय हे नूतनीकरणाचे प्रयोजनच उरले नव्हते.

या गणितावर विश्वास ठेवून टिशमन स्पायर आणि ब्लॅकरॉक यांनी २००६ साली ही वसाहत ५४० कोटी डॉलरना विकत घेतली. भाडेकरूंनी स्वतः एकत्र येऊन ४५० कोटींची बोली लावली होती. ती अपुरी ठरली. खरेदीदारांनी पदरचे घातले ते प्रत्येकी सुमारे ११ कोटी २५ लाख. बाकीचा डोलारा ४४० कोटींच्या कर्जावर आणि इतरांच्या पैशांवर उभा होता. वसाहतीचे उत्पन्न हप्त्यांना पुरत नव्हते. ते पुरे पडावयाचे तर घरे भराभर रिकामी व्हावयास हवी होती. मग कोण खरोखर येथे राहतो, कोणाचे दुसरे घर आहे, याच्या चौकश्या सुरू झाल्या आणि अनेक जुन्या भाडेकरूंच्या हाती करार न वाढविण्याच्या नोटिसा पडल्या. त्यांतील काही संशय खरेही असतील. परंतु ज्याला कर्जाचा हप्ता भागवावयाचा आहे, त्याला प्रत्येक म्हातारा भाडेकरू लबाड वाटू लागला तर नवल नाही.

या व्यवहारात पैसे कोणाचे होते? कॅलिफोर्नियातील सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतन निधीचे ५० कोटी डॉलर, त्याच राज्यातील शिक्षकांच्या निधीचे १० कोटी, फ्लॉरिडाच्या निवृत्तिवेतन मंडळाचे २५ कोटी. एका किनाऱ्यावरील शिक्षकांची म्हातारपणची पुंजी दुसऱ्या किनाऱ्यावरील शिक्षकांची बिऱ्हाडे हलविण्याच्या कामी लागली, आणि तिकडच्या शिक्षकाला त्याचा पत्ताही नव्हता. ही सारी रक्कम बुडाली. ऑक्टोबर २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने निकाल दिला की, इमारतींच्या सुधारणेसाठी १९९२ पासून करसवलत घेत असताना त्याच इमारतींतील घरे नियंत्रणातून बाहेर काढणे बेकायदा होते. अशी घरे चार हजारांवर होती. जानेवारी २०१० मध्ये खरेदीदारांनी वसाहत धनकोंच्या स्वाधीन केली.

२०१५ साली ती ब्लॅकस्टोन आणि आयव्हॅन्हो केंब्रिज यांनी घेतली. नगरपालिकेशी झालेल्या करारात ५,००० घरे वीस वर्षे मध्यमवर्गासाठी राखण्याचे ठरले. मग २०१९ च्या राज्य कायद्याने घर रिकामे झाले की नियंत्रण सुटण्याची तरतूदच रद्द केली, भाडेकरू बदलल्याची वाढ काढून टाकली आणि नूतनीकरणाचा जो खर्च भाड्यावर चढविता येईल त्याला पंधरा वर्षांत १५,००० डॉलरची मर्यादा घातली. भाडेकरूंचा हा विजय आम्हांस मोलाचा वाटतो. तथापि त्याच वर्षी रिकाम्या घरांचे नूतनीकरण या वसाहतीत थांबविल्याच्या बातम्या आल्या, हेही सांगितले पाहिजे. पन्नास वर्षे एकाच कुटुंबाच्या वापरात असलेल्या घरातील गंजलेले नळ आणि विजेच्या जुन्या तारा १५,००० डॉलरमध्ये बदलून होत नाहीत, या मालकांच्या तक्रारीत तथ्य होते. २०२४ साली राज्याला ही मर्यादा ३०,००० आणि काही घरांसाठी ५०,००० पर्यंत वाढवावी लागली.

भाडे गोठविले तर काय होते, हे आम्हां मुंबईकरांना न्यूयॉर्कने शिकविण्याची गरज नाही. ती वसाहत उघडली त्याच १९४७ साली मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा झाला आणि भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधले गेले. मालकाने डागडुजी सोडली, जिने कुजले, पागडी फोफावली, आणि १९६९ साली सरकारला दुरुस्ती मंडळ काढावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली या गोठलेल्या भाड्यावर बोट ठेवले, तेव्हा कोठे १९९९ च्या कायद्यात वर्षाला चार टक्के वाढ आली. म्हणून भाडे वाढूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. वाढावे, पण ते राहत्या भाडेकरूच्या घरात खरोखर झालेल्या दुरुस्तीपोटी वाढावे, आणि खर्च फिटला की ती वाढ उतरावी. भाडेकरू गेल्याबद्दल मालकाला बक्षीस देणारी कोणतीही तरतूद कायद्यात असता कामा नये.

मुंबईत आज जुन्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत आणि जुन्या भाडेकरूला त्यांत मालकीचे घर मिळते, हे खरे. पण उद्वाहने, पंप, पहारेकरी, बगिचा यांचा मासिक खर्च ज्या दिवशी निवृत्त कारकुनाच्या हातात पडतो, त्या दिवशी त्याची गाठ पडते ती घराच्या दलालाशी. वर्षा-दोन वर्षांत पाटीवरचे नाव बदलते, आतला ओटा नवा होतो, आणि जुने बिऱ्हाड डोंबिवलीला किंवा विरारला गेलेले असते. अशी किती बिऱ्हाडे गेली, याची नोंद महापालिकेने किंवा म्हाडाने इमारतवार ठेवून दरवर्षी प्रसिद्ध करावी, एवढी मागणी आज तरी करता येईल.