पेढी मोठी, बैठक भाड्याची

नागपुरांत धरमपेठ, रामदासपेठ, वर्धा मार्ग या बाजूंस अलीकडे एक निराळ्या धर्तीची कचेरी दिसूं लागली आहे. तिच्या दारावर कोणा एकाच पेढीची पाटी नसते. एका मेजाशीं वकील, दुसऱ्याशीं नवा उद्योग मांडणारे दोन तरुण, तर कांचेच्या पलीकडील बंद दालनांत एखाद्या बड्या कंपनीचीं माणसें, असा तेथील थाट असतो. वीज, पाणी, चहा, बैठकीची खोली, दाराशीं विचारपूस करणारा मनुष्य, सारें सामाईक. ‘को-वर्किंग’ हें तिचें चालू नांव. आपण तिला सामाईक कचेरी म्हणूं. नवख्या उद्योजकानें अशी जागा पत्करावी हें समजण्यासारखें आहे. परंतु ज्यांच्या तिजोरींत पैशाला तोटा नाहीं, त्यांनीं दुसऱ्याच्या छपराखालीं कां बसावें? घरांतील मुलगा किंवा सून तेथें कामाला जात असेल, तर या प्रश्नांत कुतूहलाबरोबर काळजीही असते.

ही काळजी समजून घेण्यास नागपूरकरांस फार दूर जावें लागत नाहीं. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी येथें सुरू झाली. त्यासाठीं त्यांनीं दलदलीची जमीन घेऊन तिच्यांत भराव घातला. १८८६ सालीं कामगारांसाठीं निवृत्तिवेतनाचा निधि काढला. गिरणीच्या भिंती, तिचा भोंगा, तिचा निधि हें सर्व मिळून ‘कंपनी’ या शब्दाचा अर्थ येथील तीन-चार पिढ्यांच्या मनांत ठरला. जिचें धुराडें दिसतें ती कंपनी खरी! पण तीहि गिरणी एकविसाव्या शतकाच्या आरंभीं बंद पडली, आणि आज तेथें बाजाराची मोठी इमारत उभी आहे. भिंती पक्क्या असल्या म्हणजे नोकरी पक्की असते असें नाहीं, हेंहि त्याच जागेनें आपणांस शिकविलें आहे.

दुसरें उदाहरण विधानभवनाचें. १९५३ च्या नागपूर करारास अनुसरून विधिमंडळाचें वर्षांतील एक अधिवेशन येथें भरतें. थोड्या दिवसांसाठीं मुंबईहून कागदपत्रें, कारकून आणि मंत्री येतात. रविभवन, आमदार निवास गजबजून जातात. आणि अधिवेशन संपतांच तो सारा पसारा बहुतांशीं ओस पडतो. देखभाल मात्र बारा महिने करावी लागते. सरकारास हें करणें भाग आहे, कारण तेथें एका प्रदेशाच्या मानाचा प्रश्न आहे. व्यापाऱ्यास असें बंधन नसतें. रिकाम्या खुर्चीचें भाडें त्याला बोचतें.

मोठ्या कंपन्यांचा हिशेब येथूनच सुरू होतो. स्वतंत्र जागा घ्यावयाची म्हणजे अनेक वर्षांचा भाडेपट्टा, मोठी अनामत रक्कम, लांकूडकाम, वातानुकूलन, तारा, पहारेकरी; आणि इतकें करून पुढील वर्षीं माणसें चाळीस लागतील कीं चारशें, हें ठाऊक नसतें. सामाईक कचेरीचा चालक हा भार स्वतः उचलतो. तो मूळ मालकाकडून मोठी जागा दीर्घ मुदतीनें घेतो, ती सजवितो आणि खुर्चीमागें दर लावून थोड्या मुदतीनें पुढें देतो. कंपनीस कांहीं आठवड्यांत काम सुरू करतां येतें, आणि गरज सरतांच जागा सोडतांही येते. हिशेबनीसांचेंहि एक कारण आहे. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे मोठ्या कंपन्यांना दीर्घ भाडेपट्ट्याचें देणें ताळेबंदांत दाखवावें लागतें. खुर्चीमागें घेतलेली सेवा पुष्कळदां त्यांतून सुटते.

हा प्रकार अगदींच नवा नाहीं. रीजस कंपनीनें तयार कचेऱ्या देण्याचा धंदा १९८९ मध्यें ब्रुसेल्सला सुरू केला. पुढें २०१० मध्यें न्यूयॉर्कला वीवर्क निघाली. २०१७ सालीं आयबीएमनें तिची एक सबंध इमारत आपल्या माणसांसाठीं घेतली, व त्याच वर्षीं एचएसबीसी बँकेनें हाँगकाँगमधील सुमारें तीनशें माणसें तिच्या जागेंत बसविलीं. २०२० च्या महामारीनें तर जुना समजच मोडला. एकदां माणसें घरून काम करूं शकतात हें दिसल्यावर, सर्वांना एकाच शहरांतील एकाच इमारतींत रोज आणण्याचा खर्च कशासाठीं, असें कंपन्या विचारूं लागल्या. मिहानमध्यें टीसीएस, एचसीएल यांसारख्यांचीं स्वतःचीं कार्यालयें आहेत. पण जिला नागपुरांत थोडींच माणसें हवीं, तिला सामाईक कचेरी सोयीची वाटते.

पण या धंद्याच्या पोटांतच एक धोका आहे. चालक मालकास बांधला जातो दहा-पंधरा वर्षांनीं, आणि त्याचें गिऱ्हाईक त्याला बांधलें असतें महिन्यांनीं. गिऱ्हाईक उठून गेलें तरी मालकाचें भाडें चुकत नाहीं. जिची किंमत एके काळीं सत्तेचाळीस अब्ज डॉलर ठरविली गेली होती, त्या वीवर्कनें नोव्हेंबर २०२३ मध्यें अमेरिकेंत दिवाळखोरीचा अर्ज केला तो प्रामुख्यानें याच ओझ्यामुळें. पुढें २०२४ मध्यें देणीं कमी करून घेऊन ती त्यांतून बाहेर पडली.

आतां आपल्या घराकडे वळूं. पुण्यास वा बंगळूरास गेलेला मुलगा याच सोयीमुळें नागपुरांत राहून काम करूं शकतो, आणि आजी-आजोबांस नातवंडें केवळ सुट्टींत दिसावयाचीं तीं रोज दिसतात, हा लाभ थोडा नव्हे. सुनेच्या बाबतींत तर तो याहून मोठा आहे. घरीं बसून काम करणारी सून ‘घरींच तर आहे’ म्हणून पाहुण्यांचा चहा, दूधवाला, सासऱ्यांचें औषध यांसाठीं दहा वेळां उठविली जाते. त्यांत कोणाचा दुष्टावा नसतो. परंतु तिचें काम हें काम आहे, ही जाणीव घरास होत नाहीं. तीच जेव्हां डबा घेऊन साडेनऊला बाहेर पडते, तेव्हां घर तिच्या वेळेचा मान राखूं लागतें. हा मान कचेरीच्या भाड्यानें विकत घ्यावा लागावा, याचा विचार मात्र आम्हां सर्वांना करावा लागेल.

राहतां राहिली स्थैर्याची गोष्ट. जी कंपनी आठवड्यांत येते, ती आठवड्यांत जाऊंही शकते, हें वडील माणसांचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु भविष्यनिर्वाह निधि, रजा, नोकरी सोडण्याची वा सोडविण्याची मुदत या गोष्टी इमारतीवर नव्हे, तर नेमणूकपत्रावर व कायद्यावर अवलंबून असतात. म्हणून मुलानें नवी नोकरी घेतली कीं ‘कचेरी कोठें आहे?’ एवढेंच न विचारतां ‘नेमणूकपत्र कोणाच्या नांवाचें आहे, त्यांत काय लिहिलें आहे?’ असें घरांतील वडिलांनीं विचारावें. एकदां सर्वांनीं मिळून तें वाचावें, आणि सून नोकरी करीत असेल तर तिचेंही तितक्याच आस्थेनें वाचावें. धुराड्याकडे पाहून कंपनीची पारख करण्याचे दिवस गेले. आतां ती कागद वाचूनच केली पाहिजे.