आधी बाराखडी!

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहावा म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणे होय, असे काहींना वाटेल. वाटो बापडे! मी या भाकऱ्या भाजल्या आहेत आणि हातही पोळून घेतला आहे. तेव्हा चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला पोहोचतो, असे मी समजतो.

आमच्या वाङ्मय मंडळाच्या व्याख्यानांची टिपणे एका वेबपेजवर एकत्र करावीत, असे ठरले आणि ते काम मी हौसेने अंगावर घेतले. मात्र ते कोणत्या ‘फ्रेमवर्क’मध्ये करावे? एक मित्र म्हणाला, “रिअ‍ॅक्ट शीक, नोकरी मिळेल.” दुसऱ्याने व्ह्यूची शिफारस केली, तर तिसरा अँग्युलरवाचून बोलेना. महिनाभर मी नुसती तुलनाच करीत बसलो. नवरी एकही पाहिली नाही, पण पत्रिका मात्र सगळ्यांच्या जुळवल्या!

शेवटी रिअ‍ॅक्ट घेतले. पान सुरेख झाले. शीर्षकावर टिचकी मारली की खाली टिपण उलगडे. मंडळाने कौतुक केले. पण माझा एक वर्गमित्र दृष्टिहीन आहे. वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने तो संगणक वापरतो. टॅबची कळ दाबत तो पानावर पुढे पुढे जाई, पण माझी शीर्षके त्याला लागतच ना. मराठी मजकूरही धड वाचला जाईना. तो हसून म्हणाला, “अरे, पान चांगलं असेल रे तुझं, पण माझ्यासाठी त्याला कुलूप आहे.” परीक्षा तोंडावर आली होती, आणि ती टिपणे त्यालाच सर्वांहून अधिक हवी होती.

दोष रिअ‍ॅक्टचा नव्हता, माझा होता. एचटीएमएलमध्ये ‘बटन’ नावाचा टॅग आहे. कळफलकावरून त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचता येते. मी त्याच्या जागी ‘डिव्ह’ हा नुसता रिकामा डबा वापरला होता. दिसायला दोन्ही सारखेच! शिवाय तयार साच्यात पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली होती, ती मी तशीच राहू दिली. ‘लँग’ या गुणधर्मात ‘एमआर’ ही दोन अक्षरे लिहिली असती, तर पान मराठी आहे हे त्या प्रोग्रॅमला कळले असते. दुरुस्तीला अर्धा तास लागला. महिनाभराच्या तुलनेत मात्र ही गोष्ट मला कोठेच भेटली नव्हती.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की नवशिक्याने आधी एचटीएमएल, सीएसएस आणि साधी जावास्क्रिप्ट शिकावी. बाराखडी येत नसता वृत्तांची चर्चा करण्यात काय हशील?

मग फ्रेमवर्कची तुलना व्यर्थच का? मुळीच नाही. व्ह्यूत रचना, वर्तन आणि सजावट हे तीन भाग एकाच फायलीत पण वेगवेगळे राहतात, त्यामुळे एचटीएमएल जाणणाऱ्याला ते ओळखीचे वाटते. रिअ‍ॅक्टमध्ये रचनाच जावास्क्रिप्टच्या पोटात लिहावी लागते. जावास्क्रिप्ट कच्ची असेल तर चूक नेमकी कोठली हेच उमगत नाही. अँग्युलरमध्ये बहुतेक सारी सामग्री आयती मिळते, पण त्यासोबत टाइपस्क्रिप्ट आणि पुष्कळ नियमही येतात. मोठ्या संघाला ते मानवेल, एकट्या विद्यार्थ्याला जड जाईल. स्वेल्ट आपले बरेचसे काम आधीच उरकून ब्राउझरकडे हलके ओझे पाठवते. मला विचाराल, तर पाया झाल्यावर पहिले पाऊल व्ह्यूत टाकावे.

“पण नोकरीचे काय?” असा प्रश्न येईलच. तो खोटा नाही. घरचे पैसे खर्चून शिकणाऱ्याला पोटाचा विचार करावाच लागतो, आणि म्हणूनच पाया अधिक महत्त्वाचा. २०१० साली आलेल्या अँग्युलरजेएसची २०१६ मध्ये इतकी नव्याने मांडणी झाली, की जुने शिकलेल्यांना बरेचसे पुन्हा शिकावे लागले. व्ह्यूच्या दुसऱ्या आवृत्तीची देखभाल २०२३ अखेर संपली. उलट टिम बर्नर्स-ली यांचे १९९१ चे पहिले संकेतस्थळ सर्न या संस्थेने २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा मांडले आणि ते आजच्या ब्राउझरमध्येही उघडते. त्यात नुसते एचटीएमएल आहे!

मित्रहो, कोणते फ्रेमवर्क श्रेष्ठ हा वाद खुशाल घाला. पण त्याआधी एक साधे पान स्वतःच्या हाताने लिहा, उंदीर बाजूला ठेवून नुसत्या कळफलकावर ते चालवून पाहा, आणि मग ते अशा माणसाच्या हाती द्या, की ज्याला ते दिसत नाही. आपल्याला किती येते, हे त्या पाच मिनिटांत कळेल. मला तरी कळले.