सुगंधाचे परिमाण

श्रावकाच्या चौदा नियमांत ‘कुसुम’ आणि ‘विलेपन’ यांचाही समावेश आहे. फुले, अत्तर असे हुंगण्याचे पदार्थ पहिल्यात येतात. चंदनासारखे अंगाला लावायचे पदार्थ दुसऱ्यात. सकाळी नियम घेताना त्यांचेही परिमाण ठरवले जाते. म्हणजे गृहस्थाला सुगंध सर्वथा वर्ज्य नाही. मात्र तो मोजका असावा आणि त्यामागे हिंसा नसावी. आपली ओळख ठरेल असा एकच सुगंध निवडण्याची पद्धत आज पुरुषांत रूढ होत आहे. या दृष्टीने ती स्वागतार्हच म्हटली पाहिजे, कारण एक निवडणे म्हणजे बाकीच्यांचा मोह सोडणे.

निवडीत पहिला प्रश्न उगमाचा. खरी कस्तुरी नर कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतून मिळते आणि तिच्यासाठी या पंचेंद्रिय जीवाची हत्या होत आली आहे. जवादी कस्तुरी जवादी मांजराच्या ग्रंथीतून काढतात, तर अंबरग्रीस देवमाशाच्या आतड्यात तयार होते. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर या रसायनशास्त्रज्ञाला कृत्रिम कस्तुरीगंधाचा शोध लागला. आज बाटलीवर ‘मस्क’ असे लिहिलेले असते, ते बहुधा प्रयोगशाळेतलेच असते. तरीही वेष्टनावर घटकांऐवजी नुसते ‘सुगंध’ एवढेच छापलेले असल्यास उत्पादकाकडे स्पष्ट विचारणा करावी.

दुसरा प्रश्न माध्यमाचा. जर्मनीतील कोलोन शहरात फरीना या इटालियन कुटुंबाची पेढी १७०९ मध्ये स्थापन झाली. त्या शहराच्या नावानेच ‘कोलोन’ ओळखले जाते. लिंबूवर्गीय फळांची तेले मद्यार्कात मिसळून ते बनते. त्यात तेलाचे प्रमाण थोडे असल्याने तासा-दोन तासांत ते विरते. मद्यार्क नको असणाऱ्यांना कनौजचे पारंपरिक अत्तर जवळचे वाटते. तेथे फुलांचा अर्क तांब्याच्या देगेतून भपक्यातील चंदनतेलात उतरवतात. मात्र चंदनतेल महाग झाल्याने स्वस्त अत्तरांत दुसरे द्रव वापरले जातात, हे भाव ठरवताना ध्यानात ठेवावे. शिवाय त्यासाठी किती फुले उकळावी लागतात, याचा विचार विवेकी श्रावक करील.

तिसरा प्रश्न व्यवसायाचा. चहा, मसाले किंवा केशराच्या व्यापाऱ्याला माल नाकाने पारखायचा असतो. तेथे उग्र सुगंध अडचणीचा. चहा तर परका वास लगेच शोषून घेतो. कापडाच्या पेढीवर गिऱ्हाईक गादीवर अगदी जवळ बसते. तेथे खस, चंदन किंवा लिंबाचा मंद गंध पुरेसा.

कागदी पट्टीवर हुंगून बाटली घेऊ नये. एका वेळी एकच सुगंध मनगटावर लावावा, न चोळता सोडावा आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहावी. पहिला दरवळ काही मिनिटांत उडून जातो. घामात आणि उन्हात जो मागे उरतो, तोच खरा विकत घ्यायचा असतो. घेतलेली बाटली संपल्याखेरीज दुसरी आणू नये. पर्युषणात तीही कपाटात राहिली, तर नियम सहज पाळला जातो.