मृगाला सुरू होणारं वर्ष

आमच्या तालुक्याच्या गावातल्या इतिहास मंडळाचं वर्ष ना जानेवारीत सुरू होतं, ना पाडव्याला. ते मृगाला सुरू होतं. पाऊस लागला की डोंगरावरच्या आणि माळावरच्या मोहिमा थांबतात आणि वाचनालयाच्या माडीवर मोडीचा वर्ग भरतो. पोस्टातून निवृत्त झालेले काका येतात, शाळेतल्या बाई येतात, औषधाच्या दुकानातला मुलगा दुकान वाढवून येतो. पेरण्या उरकल्या की शेतकरी सभासदही हजर होतात. यातून कुणाला एक पैसा मिळत नाही.

मृगाचा मुहूर्त कुणी ठरवून धरलेला नाही, पण तो फार नेमका आहे. कारण जे कागद आम्ही वाचतो, त्यांचं वर्षही मृगालाच बदलतं. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन असतो. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की नवा सन लागतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. तो लिहितात अरबी संख्यावाचक शब्दांनी, एककापासून उलटा. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७७. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७६ येतो. कागद जानेवारी ते मृग यांमधला असेल तर ६०० मिळवायचे. १७७६ सालीच कोकणात सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचं बंड मोडलं आणि डिसेंबरात पुण्यात त्याला देहदंड झाला. अकरावीतली एखादी मुलगी हा हिशेब पहिल्यांदा स्वतः मांडते आणि हातातल्या विटक्या कागदाला साल मिळतं, तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहावंसं वाटतं.

मोडी शिकणं वाटतं तेवढं अवघड नाही. आधी आडवी ओळ आखलेली असते आणि अक्षरं तिला लोंबत जातात. लिहिणारा बोरू शक्यतो उचलत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे नाहीत. दोन पावसाळे नेटाने बसलं तर घरचं खरेदीखत वाचता येतं. आणि खरी गोडी खरेदीखतात, कर्जरोख्यात, वाटणीपत्रातच आहे, असं माझं ठाम मत आहे. लढायांचे वृत्तान्त बरेचसे छापून झाले आहेत. विहिरीतल्या पाण्याच्या पाळ्या कशा ठरल्या, बांधावरच्या आंब्याचा वाटा कुणाकडे गेला, दुष्काळात कोणत्या भावाने जमीन गहाण टाकली, हे मात्र गावाबाहेरचा माणूस वाचायला येणार नाही. शिवाय ते नीट कळतं गावातल्याच माणसाला, कारण ती विहीर आणि तो बांध त्याच्या पायाखालचा असतो.

मराठ्यांच्या इतिहासाचं काम लहान गावांतूनच उभं राहिलं, हे आपण विसरतो. राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो वाईत सापडलेल्या पत्रांवर. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत. पटवर्धनांची दप्तरं चाळून त्यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढायला घेतला. दिवसभर वर्ग घ्यायचे आणि रात्री दिव्याशी नकला करायच्या. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं ते ७ जुलै १९१० रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्यात. राजवाडे धुळ्याला वारले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. त्यांचा संग्रह विखरू नये म्हणून धुळेकरांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ काढलं. खऱ्यांसारखा एखादा मास्तर आजही प्रत्येक तालुक्यात आहे. त्याला फक्त एक खोली, एक कपाट आणि सोबत हवी असते.

श्रावणात काम वेगळंच असतं. मंगळागौरीच्या निमित्ताने माहेरी आलेल्या बायका आणि त्यांच्या आज्या एकत्र भेटतात, तेव्हा ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. तेवढा पल्ला कुठल्याच तालुक्याच्या मंडळाला गाठता येणार नाही, पण गावातली शेवटची जातं ओढलेली पिढी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे आणि हे काम पुढच्या वर्षावर टाकता येत नाही.

दिवाळीत मुलांचे मातीचे किल्ले. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून जो तो रायगड नाहीतर राजगड करतो. आम्ही मुलांना आपल्या तालुक्यातला गड करायला सांगतो. त्यासाठी त्यांना आधी तो चढून पाहावा लागतो.

कार्तिकात गवत वाळतं आणि खरी मोहीम सुरू होते, वीरगळांच्या नोंदीची. आमच्याकडे असं गाव क्वचितच, जिथे मारुतीच्या पाराशी, ओढ्याकाठी किंवा शिवेवर वीरगळ नाही. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. खालची चौकट नीट पाहिली की पुष्कळदा गाई दिसतात, म्हणजे हा माणूस गुरं वाचवताना पडला. बहुतेकांवर अक्षर नाही, नाव नाही. म्हणूनच शिळा कुठे आहे, तोंड कोणत्या दिशेला आहे, उंची-रुंदी किती, पूजा कोण करतं, जुन्या माणसांना तिच्याबद्दल काय आठवतं, हे सगळं लिहून ठेवायचं. शिळा हलली की निम्मी माहिती गेली. हिवाळ्याची सकाळ निवडायची ती तिरप्या उन्हासाठी. दुपारी सपाट दिसणारा दगड आठ वाजता बोलका होतो. झिजलेलं अक्षर असेल तर रात्री जाऊन बाजूने बॅटरीचा झोत टाकायचा. तारेचा ब्रश नाही, आम्ल नाही, खडू किंवा पीठ चोळणं नाही. पाणी, मऊ कुंचला आणि वेळ.

अशा रस्त्याकडेच्या दगडाची किंमत किती असू शकते, हे अलिबागजवळच्या आक्षीला जाऊन पाहावं. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत ज्याची गणना होते आणि ज्यावरचा शक ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ असा वाचला जातो, ती गधेगाळ, म्हणजे शापवचनाची शिळा, वर्षानुवर्षं तिथे रस्त्याच्या कडेला उघड्यावर होती.

चैत्रात यात्रा येतात आणि त्यांच्याबरोबर ऑइलपेंटचे डबे. हा आमच्या वर्षातला सगळ्यांत नाजूक महिना. गेल्या यात्रेआधी एका वाडीत आजी म्हणाल्या, “बाबा, देवाला वर्साचं नवं अंग नको का? उघडा ठेवू व्हय त्याला?” आमच्यातल्या शाळेच्या बाईंनी त्यांना शिळेशी नेलं, बोटाने दाखवलं आणि म्हणाल्या, “आजी, ही बघा त्याच्या हातातली तलवार. आणखी दोन हात रंगाचे बसले तर ती बुजून जाईल. मग नातवाला काय दाखवणार?” आजी बराच वेळ शिळेवर बोट फिरवत राहिल्या. त्या वाडीत आता पायाशी हळदकुंकू वाहतात आणि वर हार घालतात, रंग नाही. शेजारच्या गावात मात्र आम्ही पोचेपर्यंत वीर सोनेरी झाला होता. मला अशा वेळी भांडावंसं वाटत नाही. सात-आठशे वर्षं तो दगड पायरीला किंवा पाट्याला गेला नाही, तो या लोकांनी त्याला देव मानलं म्हणूनच. त्यांच्याशी बोलत राहणं, दर वर्षी यात्रेच्या महिनाभर आधी जाऊन बसणं, हाच उपाय आहे.

वैशाखात बारव. महाशिवरात्रीला राज्यभरातल्या बारवांत दिवे लावण्याचा सुंदर प्रघात अलीकडे पडला आहे, पण दिव्यांच्या रात्रीला येणारे लोक गाळ काढायलाही आले पाहिजेत, आणि ते काम पाणी तळाला गेल्यावर भर उन्हातच करावं लागतं. बारव संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय घमेलंही उतरवायचं नाही. इतर ठिकाणीही गाळ सरळ ट्रॉलीत टाकायचा नाही. तो पसरून, चाळून पाहायचा. कोरीव तुकडा निघाला तर जागा लिहून ठेवायची. नाणी निघाली तर ती वाटून घ्यायची नाहीत, जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. १८७८ चा निखात निधी कायदा त्यासाठीच आहे. तरुणांना हा नियम जाचक वाटतो. मला तो सगळ्यांत आधी शिकवावासा वाटतो, कारण सापडलेली वस्तू ज्याला सापडली त्याची नसते.

आणि याच दिवसांत, पावसाच्या आधी, वाडे पाडले जातात. भाऊबंदकीत अडकलेलं, वाळवीने पोखरलेलं, पावसाळ्यात अंगावर येणारं घर कुणी का ठेवावं? आमची तक्रार पाडण्याबद्दल नाही. पण फडताळात, देवघराच्या वर, कडीपाटाच्या खोलीत लाल कापडात बांधलेलं एखादं दप्तर असतं. ते रद्दीत जातं किंवा बंबात. पुण्यामुंबईच्या मोठ्या संस्थेला ही बातमी कळेपर्यंत तिथे पार्किंग झालेलं असतं.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. असं दप्तर सापडलं तर ते उन्हात पसरू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट करू नका. गाठ सोडली तर कागदांचा क्रम बदलू नका. कोणता कागद कशाशेजारी होता यावरूनही पुष्कळ कळतं. वेखंडाची पूड घातलेली असेल तर ती तशीच राहू द्या. कागद आम्हाला देऊन टाका असं आमचं म्हणणं नाही. तुमच्या ओसरीवर बसून आम्ही फोटो घेऊ, जमेल तेवढं वाचून दाखवू आणि दप्तर पुन्हा बांधून तुमच्या हाती देऊ. फक्त पाडकामाचा दिवस ठरला की जेसीबीवाल्याच्या आधी तुमच्या तालुक्यातल्या अशा एखाद्या मंडळाला फोन करा. आमच्याकडे निरोप आला तर आमच्यातलं कुणीतरी त्याच संध्याकाळी येतं.