काडतुसातलं नाव

शाळेत आम्ही इजिप्तच्या त्या राजाचं नाव ‘तुतन-खामेन’ असं तोडून म्हणायचो, तुतन हे नाव आणि खामेन हे आडनाव असल्यासारखं. मोडायला हवं होतं भलतीकडेच: तुत, अंख, आमुन. तुत म्हणजे प्रतिमा, अंख म्हणजे जिवंत, आमुन हा थीब्जचा देव. आमुनची जितीजागती मूर्ती.

इजिप्तमध्ये राजाचं नाव एका लांबट कड्यात कोरत. मुळात तो दोरीचा वेढा, टोकाला गाठ मारलेला. नेपोलियनच्या सैनिकांना म्हणे त्यात बंदुकीची गोळी दिसली, म्हणून ते ‘कार्तूश’ झालं. आपलं ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून आलं. दोन्ही शब्द एकाच घरातले.

त्या कड्यात डोकावलं की आधी देव भेटतो. उच्चारात आमुन शेवटी, पण लिहिताना मान त्याचा पहिला. बोरूचं पातं, सोंगट्या मांडलेला पट, खाली पाण्याची लाट: झाला आमुन. मग पावाची वडी, लाव्याचं पिल्लू, पुन्हा पाव: तुत. शेवटी किल्लीसारखा दिसणारा अंख.

या बालराजाचं पहिलं नाव मात्र हे नव्हतं. तो होता तुतनखातेन. आधीच्या राजवटीत अखेनातेननं बाकीचे देव बाजूला सारून सूर्यबिंबाचा देव आतेन तेवढा ठेवला. स्वतःचं आमेनहोतेप हे नाव टाकलंच, शिवाय देशभर आमुनची अक्षरं छिन्नीनं खरवडायला लावली. त्यात स्वतःच्या बापाचं, तिसऱ्या आमेनहोतेपचं, नावही सुटलं नाही, कारण त्यातही आमुन होता. अखेनातेननंतर इ.स.पू. १३३०च्या आसपास आठ-नऊ वर्षांचं हे पोर गादीवर आलं आणि थोड्याच वर्षांत दरबाऱ्यांनी वारं फिरवलं. जुने देव परतले. राणी अंखेसेनपातेनची अंखेसेनामुन झाली, राजाचंही नाव बदललं.

कारागिराच्या बाजूनं बघा. आतेन लिहायचा तर पातं, पाव, पाणी आणि सूर्यबिंब. आमुन लिहायचा तर पातं, पट, पाणी. पातं आणि पाणी जागच्या जागी. पाव आणि सूर्य जाऊन पट आला, एवढ्यात एक धर्म संपला! हातचं काम नेहमी पुरं होत नाही, ही गोष्ट वेगळी. त्याच्या सोन्याच्या सिंहासनावर नावाची दोन्ही रूपं आजही आहेत. सिंहासनाच्या पाठीवरच्या चित्रात राणी त्याला तेल लावते आहे आणि वर आतेनचे किरण, टोकांना इवलेसे हात असलेले, तसेच पसरलेले.

बदलूनही नाव वाचलं नाहीच. आमुनची देवळं पुन्हा उभारल्याचं सांगणारा त्याचा शिलालेख नंतरचा राजा होरेमहेब यानं स्वतःच्या नावावर करून घेतला. अबायडोसच्या देवळात पुढे राजा सेतीनं पूर्वजांची यादी कोरवली, तीत तिसऱ्या आमेनहोतेपनंतर थेट होरेमहेब.

४ नोव्हेंबर १९२२ रोजी उत्खनन करणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या माणसांना राजांच्या खोऱ्यात एका थडग्याची पहिली पायरी लागली. बारा पायऱ्या मोकळ्या झाल्या, चुन्यानं लिंपलेलं दार दिसलं. वरच्या भागात फक्त दफनभूमीचा शिक्का: कोल्हा आणि नऊ कैदी. २४ तारखेला खालचा भाग साफ केल्यावर राजाचा शिक्का सापडला. सूर्यबिंब, शेणकिडा, टोपली: नेबखेपेरुरे. हे त्याचं गादीवर बसतानाचं नाव. त्यात ना आमुन होता ना आतेन, त्यामुळे ते बदलायची वेळच कधी आली नव्हती.