डॉक्टरांची चिठ्ठी म्हणजे काडीमोड नव्हे

बाळंतपण झाले की बाईने आनंदातच असले पाहिजे आणि गर्भ पडला तर चार दिवस रडून पाचव्या दिवशी कामाला लागले पाहिजे, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. या समजुतीखाली बायपोलर, म्हणजे द्विध्रुवी मनोविकार असलेल्या किती बाया भरडल्या जातात!

या आजारात मन कधी उन्मादाने उसळते, झोप उडते, तर कधी नैराश्यात बुडते. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे. या आजाराच्या बायांत साधारण पाच बाळंतपणांमागे एकीत झटका इतका तीव्र असतो, की भानही सुटू शकते. गर्भ पडल्यावरही आजार उलटू शकतो. गोळ्या अचानक सोडल्या तर धोका वाढतो. सोडियम व्हॅल्प्रोएटसारखे औषध मात्र गर्भालाच घातक. म्हणून दिवस राहण्याआधीच मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

प्रत्यक्षात काय घडते? 'बाहेरचे लागले' म्हणून तिला भगताकडे नेतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, तरीही नेतात. मग तिला माहेरी धाडायचे, मूल ठेवून घ्यायचे आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून घटस्फोटाचा दावा ठोकायचा!

बौद्धांनाही लागू असलेल्या 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे, हे खरे. परंतु राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1988 सालीच बजावले, की आजाराचे नुसते नाव पुरत नाही. एकत्र नांदणे अशक्य व्हावे इतकी त्याची तीव्रता सिद्ध करावी लागते. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा त्याहून पुढे जातो. उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडता येत नाही. मुलाच्या सुरक्षिततेसाठी गरज पडली तरच, तेही तात्पुरते. मनोविकारावरचा उपचार म्हणून नसबंदी करण्यास आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे.

बाळंतिणीच्या रजेचा भार सरकारनेही उचलावा, असे बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात मांडले होते. आज बेंगळुरूच्या निमहान्समध्ये आई-बाळाला एकत्र ठेवून उपचार होतात. आमच्या जिल्हा रुग्णालयांत का नाहीत? हा प्रश्न कार्यकर्त्यांनी सरकारला विचारला पाहिजे.

महिला मंडळांनी टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक घरोघरी पोहोचवावा. आणि लेकीच्या दारात दाव्याची नोटीस आली तर माहेरच्यांनी मान खाली घालू नये, वकील गाठावा. तिला आजार आहे. तिने गुन्हा केलेला नाही.